सरोजबाईंची पळायची गाडी

शशिकलाबाई वऱ्हाडपांडे यांची जांभळी साडी सरकारी ट्रकमध्ये बसून निघून गेली, तिथून हे सगळं सुरू झालं.

साडी एकटी गेली नाही. तिच्यासोबत आणखी अकरा साड्या, एक शिलाई मशीन, धावपळीत सांडलेले दोनेक डझन कंगवे आणि चहाची एक किटली असा लवाजमा होता. भोपाळच्या हबीबगंज स्टेशनच्या बाहेर (स्टेशनचं नाव तेव्हा हबीबगंजच होतं) कडुनिंबाखाली सरोजबाई साड्यांना फॉल लावत, पिको करत बसायच्या. महिन्या-दोन महिन्यांनी अतिक्रमण हटवणारा ट्रक यायचा. ट्रक दिसला की कंगवेवाला मोहन पळायचा, चहावाला पळायचा, कुलपं दुरुस्त करणारा तर कुलपांसकट पळायचा. सरोजबाई पळायच्या नाहीत. त्यांचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं नेले होते. त्या आपल्या जागी बसून मशीन जाताना बघायच्या.

साडी सोडवून आणायला सतरा दिवस लागले. शशिकलाबाईंचे यजमान नीळकंठराव तीन कार्यालयांत जाऊन आले. एका अर्जावर त्यांनी साडीचं वर्णन लिहिलं: रंग जांभळा, काठ मोरपंखी, फॉल अर्धा लावलेला, उर्वरित काम प्रलंबित. साडी मिळाली. मशीन मिळालं नाही. सरोजबाईंचं हे गेलेलं दुसरं मशीन होतं. आता त्या बहिणीचं मागून आणून बसल्या होत्या, आणि बहिणीच्या नवऱ्यानं स्वच्छ सांगितलं होतं की हे गेलं तर परत दारात यायचं नाही.

"अहो, काहीतरी करा तिच्यासाठी," शशिकलाबाई म्हणाल्या. "दिवसभर घरात बसून माझ्या पोळ्यांची जाडी मोजता, त्यापेक्षा बरं."

हे खोटं नव्हतं. नीळकंठराव टाउनशिपच्या कारखान्यातल्या तपासणी विभागातून आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. तेहेतीस वर्षं दुसऱ्यानं केलेल्या वस्तूत खोट काढायची आणि तिच्यावर लाल खडूनं फुली मारायची, हे त्यांचं काम. कारखान्यात त्यांना 'रिजेक्ट साहेब' म्हणत, आणि ते नाव त्यांना पदवीसारखं वाटे. निवृत्तीनंतर फुली मारायला समोर काही उरलं नाही म्हणून त्यांनी भाजीवाल्याला धरलं, मग दूधवाल्याला, मग पोळ्यांना. एवढा चोखंदळ माणूस तुम्हाला पसंत कसा करून गेला, असं कुणी शशिकलाबाईंना विचारलं की त्या म्हणायच्या, "तेव्हा ते ट्रेनी होते."

तर नीळकंठराव वही, पेन आणि मोजपट्टी घेऊन हबीबगंजला गेले.

सरोजबाई मूळच्या पांढुर्ण्याच्या. तिकडची मराठी आणि भोपाळची हिंदी त्यांच्या तोंडात एकत्र नांदायची. मशीनचं चाक हातानं फिरवतच त्या म्हणाल्या, "साहेब, ट्रक आला का सारे पयतात. मले पयता येत नाई. मले पयासाठी गाडी पायजे. तीन चाकाची असते ना, हातानं फिरवाची, तशी. पन हलकी. सव्वीस जानेवारीच्या आधी रस्ता साफ करतीन, तवा ट्रक येईनच."

नीळकंठरावांनी सगळं लिहून घेतलं. तीन चाकं. हातानं फिरवायची. सव्वीस जानेवारीच्या आत. 'हलकी' हा शब्द मात्र लिहिला नाही. तपासणी विभागात हलकी ही मागणी नसते, तक्रार असते.

आता टाउनशिपमध्ये कुणाचं भलं करायचं तर ते 'सेवाधारा' संस्थेला डावलून करता येत नसे. संस्थेच्या सचिव शोभाताई चिंचाळकर. शोभाताई फार चांगल्या बाई होत्या, आणि त्यांच्याशी वागण्यातली अडचण हीच होती. वाईट माणसाला नाही म्हणता येतं. सेवाधारा दर वर्षी दवाखान्यात केळी वाटायची. केळी सहा डझन आणि फोटो सात डझन. एकदा त्यांनी एकाच आजोबांना एका दिवसात तीन कांबळी दिली होती, कारण पहिल्या दोन वेळा प्रमुख पाहुण्यांनी डोळे मिटले होते. तिसऱ्या फोटोनंतर आजोबांनीच विचारलं होतं की अजून कुणी राहिलंय का.

शोभाताईंनी फॉर्म काढला. बावीस रकाने. सरोजबाईंना रिक्षात घालून त्यांच्यासमोर आणलं गेलं.

"रकाना चौदा. लाभार्थीस मदतीची गरज का वाटते?"

"लिवा, शौक हाय," सरोजबाई म्हणाल्या.

शोभाताईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि 'परिस्थितीमुळे' असं लिहिलं. मग त्या म्हणाल्या, "आणि एक पूर्ण उंचीचा फोटो लागेल. उभ्यानं."



"उभी राहू शकली असती तं तुमच्या दाराशी कायले आली असती, ताई?"

शोभाताईंना ते पटलं, पण फॉर्मला पटलं नाही. फॉर्म दिल्लीहून आलेल्या नमुन्यावरून छापलेला होता. शेवटी सरोजबाईंना खुर्चीवर बसवून, खुर्ची टेबलावर ठेवून, खालून फोटो काढण्यात आला. त्यात सरोजबाई देवळाच्या कळसासारख्या दिसत होत्या. पण उंची भरली.

सरकारी शिबिरात तीनचाकी मिळायला एप्रिल उजाडणार होता. मग विकत घेऊ असं ठरलं, आणि निवडायचं काम अर्थातच नीळकंठरावांकडे आलं. जवाहर चौकात एका दुकानात पाच तीनचाकी सायकली उभ्या होत्या. नीळकंठरावांनी खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर काढला. दुकानदारानं आजवर गिऱ्हाइकाच्या खिशातून पाकीट निघताना पाहिलं होतं. हे हत्यार तो पहिल्यांदाच बघत होता. नीळकंठराव सायकलींच्या खाली झोपले. वेल्डिंगमध्ये छिद्रं होती. पाइपची जाडी एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरीच. एकीचं चाक केसभर वाकडं. पाचही सायकलींवर त्यांनी लाल खडूनं फुली मारली.

"बाबूजी, सायकल है. रेल का इंजन नहीं," दुकानदार फुल्या पुसत म्हणाला.

"हाच तर तुमचा दोष," नीळकंठराव मराठीत म्हणाले आणि बाहेर पडले.

इथं खरं तर कुणीतरी त्यांना थांबवायला हवं होतं. त्या पाचांपैकी कुठलीही सायकल सरोजबाईंना घेऊन वाऱ्यासारखी पळाली असती. पण आपल्याकडे सेवेचा पहिला नियम असा आहे की ज्याला द्यायचं त्याला विचारायचं नाही. विचारलं तर तो खरं सांगेल, आणि मग देणाऱ्याला काही करायला उरत नाही.

गाडी आपणच बनवायची ठरलं. कारखान्याच्या आवारातली प्रशिक्षण कार्यशाळा संध्याकाळी मोकळी असे. तिची परवानगी निघाली. लोखंड नीळकंठरावांचं स्वतःचं, भंगाराच्या लिलावात घेऊन वर्षानुवर्षं क्वार्टरमागच्या पेरूखाली ठेवलेलं. मदतीला दोन शेजारी आले. अच्युतराव ट्रान्सफॉर्मर विभागातून निवृत्त. केशवराव टर्बाइन विभागातून. तिघांच्या मिळून शंभर वर्षांच्या नोकरीत दहा टनांपेक्षा लहान वस्तूला कुणी हात लावला नव्हता.

"बाईंचं वजन किती?" केशवरावांनी विचारलं.

"एक्केचाळीस."

"मशीन धरून साठ समजा. सुरक्षेसाठी पाचपट. तीनशे किलोला डिझाइन करू."

"रस्ता भोपाळचा आहे," अच्युतराव म्हणाले. "चढउतार. सहापट धरा."

चाकं करोंदच्या धान्य मंडीतल्या हातगाडीची आणली, गव्हाच्या पोत्यांना पुरून उरलेली. अच्युतरावांनी आधी लाल प्रायमरचे दोन हात दिले, मग ट्रान्सफॉर्मरला देतात तो राखाडी रंग, तोही दोनदा. मशीनसाठी पुढं पोलादी फळी बसवली, आणि मशीन चोरीला जाऊ नये म्हणून ते चार बोल्टांनी कसायची सोय केली. केशवरावांनी चारही कोपऱ्यांत जाडजूड कड्या बसवल्या.

"ह्या कशाला?" नीळकंठरावांनी विचारलं.

"क्रेननं उचलायला. शंभर किलोच्या वरच्या मालाला उचलायच्या कड्या लागतातच. नियम तुम्हीच लावत होता की."

"पण आपला माल सत्त्याण्णव किलोचा आहे."

"कड्या धरून एकशे चार," केशवराव म्हणाले. "म्हणजे कड्या लागणारच."

ह्या तर्कात नीळकंठरावांना खोट सापडेना. एकदा कड्या आल्यावर त्यांचा भार पेलायला चौकट आणखी जाड करावी लागली, ते ओघानंच आलं.

शशिकलाबाईंनी बसायला जुन्या सोफ्यातला कापूस काढून भरभक्कम गादी आणि पाठ शिवली. गाडी बघायला त्या एकदा कार्यशाळेत आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"अहो, तिला हलकी हवी होती ना?"

"तिला तांत्रिक भाषा येत नाही," नीळकंठराव म्हणाले. "तिला म्हणायचं होतं, भरवशाची."

गाडी पुरी झाली त्या संध्याकाळी नीळकंठरावांनी ती चार तास तपासली. टॉर्च मारून, हातोडीनं वाजवून, खाली झोपून. मग खिशात हात घातला आणि तेहेतीस वर्षांत न झिजलेला पांढरा खडू बाहेर काढला. गाडीवर बरोबरची खूण केली. अच्युतरावांनी नंतर सांगितलं की नीळकंठरावांचे डोळे भरून आले होते; नीळकंठरावांच्या मते तो थिनरचा वास होता.

दुसऱ्या दिवशी गाडी कारखान्याच्या फाटकावर अडली.

हवालदारानं आत येतानाच्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि मान हलवली. "साहब, अंदर आया है लोहा. पुराना, टेढ़ा. ये तो गाड़ी है. जो अंदर आया, वही बाहर जाएगा."

"हा कुठला नियम?"

हवालदारानं भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. परिपत्रक जुनं होतं, काचेला कोळिष्टक होतं, पण मजकूर स्पष्ट होता. आत आलेली वस्तू त्याच वर्णनानं आणि त्याच वजनानं बाहेर जाईल, अन्यथा जाणार नाही. खाली सही होती: नी. म. वऱ्हाडपांडे. एकदा कुणी 'तुटकी खुर्ची' म्हणून आत आणून त्याच कागदावर धडधाकट खुर्ची बाहेर नेली होती, तेव्हा नीळकंठरावांनी तीन रात्री जागून हा नियम लिहिला होता. त्यात पळवाट ठेवली नव्हती. ह्याचा त्यांना कालपर्यंत अभिमान होता.

त्यांनी वाद घातला, अर्ज केला, वरच्या साहेबांना भेटून आले. वरच्या साहेबांनी नम्रपणे तेच परिपत्रक दाखवलं. दोन दिवस गेले. शेवटी हवालदारालाच दया आली.

"साहब, एक रास्ता है. आप लिख दीजिए, लोहा है. पुराना, टेढ़ा. मैं कौन होता हूँ बोलने वाला."

नीळकंठराव गाडीकडे बघत राहिले. एकही सांधा चुकला नव्हता. आयुष्यात पास केलेली पहिली वस्तू, आणि तिला स्वतःच्या अक्षरात वाकडं लोखंड म्हणायचं. त्यांनी पेन तीन वेळा उघडलं आणि तीन वेळा मिटलं. मग सव्वीस जानेवारी आठवली, आणि आत येतानाच्या चिठ्ठ्यांवर होतं तेच त्यांनी लिहिलं: 'जुने, वाकडे लोखंड. ११८ किलो.'

वजन केलं. एकशे एकवीस भरलं.

"ये तीन किलो किसका है?" हवालदार म्हणाला. आता त्यालाही नियमाचा चेव आला होता.

घरी निरोप गेला. शशिकलाबाई रिक्षातून आल्या, गाडीवरची गादी आणि पाठ उचकटून काखेत मारली आणि फाटकातून चालू लागल्या. हवालदारानं तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "ही माझी उशी. आता बायकांच्या उशा पण तोलणार का?"

काटा एकशे अठरावर आला. पासवर शिक्का बसला, आणि नीळकंठरावांनी तो पास घडी करून खिशात ठेवला. चारचौघांत कुणाला दिसू नये म्हणून आतल्या खिशात.

गाडी देण्याचा समारंभ संक्रांतीच्या हळदीकुंकवात ठेवला होता. ही शोभाताईंची कल्पना. दर वर्षी वाण म्हणून बायकांना स्टीलच्या वाट्या देत. ह्या वर्षी वाट्या तर होत्याच, शिवाय सरोजबाईंना वाण म्हणून तीनचाकी. कम्युनिटी हॉलमध्ये गाडीपेक्षा मोठा बॅनर लागला. प्रमुख पाहुण्या म्हणून जनरल मॅनेजर साहेबांच्या पत्नी आल्या. सगळं छान जमून आलं, आणि ऐन वेळी शोभाताईंच्या लक्षात आलं की फॉर्मच्या सहाव्या रकान्यात 'विधवा' लिहिलंय.

कुजबूज सुरू झाली. हळदीकुंकू लावायचं कसं. नुसता तिळगूळ द्यावा का. की आधी हळदीकुंकू संपवावं, पडदा पाडावा आणि मग गाडी द्यावी. बावीस रकान्यांचा फॉर्म भरून घेणाऱ्या बायका एका चिमटीवर अडून बसल्या. सरोजबाई खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होत्या; त्यांचे पाय गेले होते, कान नव्हे.

शशिकलाबाईंनी करंडा उचलला, पुढं गेल्या आणि सरोजबाईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू टेकवलं. "झालं," त्या म्हणाल्या. "वाटी घ्या."

"काकू, कुंकू चालते का नाई ते तुम्ही पाहा," सरोजबाई म्हणाल्या. "मले गाडी चालली पायजे."

चौघांनी त्यांना गाडीत बसवलं. टाळ्या झाल्या. सरोजबाईंनी दांडा धरला आणि फिरवला.

दांडा फिरला नाही.

पुन्हा जोर लावला. शिलाई मशीन फिरवून त्यांचे दंड सुतारासारखे झाले होते. गाडी ढिम्म.

"ब्रेक लागला असेल," नीळकंठराव म्हणाले. ब्रेक लागलेला नव्हता.

"नवीन आहे, म्हणून," अच्युतराव म्हणाले.

फोटोसाठी तरी हलली पाहिजे, म्हणून बाया पदर खोचून ढकलायला लागल्या. आठ जणींनी ढकललं तेव्हा गाडी हलली, आणि एकदा हलल्यावर तिनं कुणाचं ऐकलं नाही. हॉलला दाराकडे उतार होता. गाडी बॅनरचा खांब घेऊन, वाट्यांच्या टेबलाला बाजूला सारून समोरच्या भिंतीवर गेली आणि थांबली. भिंतीला तडा गेला. सरोजबाईंना खरचटलंही नाही. नीळकंठराव धावत गेले, गुडघ्यावर बसले, गाडीच्या नाकावरून बोट फिरवलं.

"रंगसुद्धा गेला नाही," ते म्हणाले.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. प्रमुख पाहुण्याही वाटीआड हसल्या. नीळकंठराव उठून उभे राहिले, आणि त्यांना कळेना की हात कुठं ठेवावेत.

सरोजबाई हसल्या नाहीत. "साहेब," त्या हळू म्हणाल्या, "मी तुमाले पयाची गाडी मागतली होती. हे तं मले धरून ठेवते. ट्रक आला का आता माह्या संगं हे पन उचलून नेतीन." आणि थोड्या वेळानं, "मशीन बहिनीचं हाय. तुमाले सांगतलं होतं मी."

त्या रात्री नीळकंठरावांनी पोळीची जाडी मोजली नाही. दोन पोळ्या निमूट खाल्ल्या. शशिकलाबाईंना काळजी वाटली.

गाडी टेम्पोत चढवायला आठ माणसं आणि दोन फळ्या लागल्या, कडुनिंबाखाली उतरवायला तेवढीच. सरोजबाईंनी तिच्यावर बसून काम सुरू केलं, कारण निदान जमिनीची थंडी लागत नव्हती आणि मशीन पक्कं बसलं होतं. नीळकंठरावांनी शब्द दिला होता की सव्वीसच्या आत गाडी निम्म्या वजनाची करून देतो. रोज सकाळी ते पत्तीची करवत, पिशवी आणि लाल खडू घेऊन यायचे, कुठं कापायचं त्याच्या खुणा करायचे, आणि कापायचे नाहीत. हा पाइप काढला तर चौकट डळमळेल. ही पट्टी काढली तर कडी सैल होईल. चार दिवसांत त्यांनी घंटीचा एक स्क्रू काढला.

"साहेब, तुमच्याच्यानं नाई होत," सरोजबाई फॉल लावत म्हणाल्या. "माया बसली तुमची ह्याच्यावर. लेकराचे केस कापाले पन मायचा हात थरथरते."

"उद्या नक्की," नीळकंठराव म्हणाले.

चोवीस तारखेला सकाळी साडेअकराला ट्रक आला.

मोहन कंगवेवाल्यानं आरोळी दिली आणि सगळे पळाले. चहावाला किटली घेऊन, कुलूपवाला कुलपं घेऊन. दोन मिनिटांत कडुनिंबाखाली फक्त सरोजबाई, गाडी आणि हातात करवत घेतलेले नीळकंठराव उरले. नीळकंठरावांनी घाईनं मशीनचा एक बोल्ट सोडवायला घेतला. तो त्यांनीच कसला होता, त्यामुळे सुटला नाही.

ट्रकमधून सहा माणसं उतरली. त्यांच्या मुकादमानं सरोजबाईंना ओळखलं. "बाई, फिर तुम? चलो, उठाओ रे."

सरोजबाईंना त्यांनी सावकाश उचलून कडुनिंबाच्या कट्ट्यावर ठेवलं. मग चौघांनी गाडीचे चार कोपरे धरले.

गाडी उचलली गेली नाही. सहा जणांनी धरलं. मागचं चाक वीतभर वर आलं आणि एकाच्या पायावर टेकलं. तो बाजूला जाऊन बसला. मशीन तरी काढू म्हणून पान्हा लावला, पान्हा घसरला. ढकलून ट्रकपर्यंत न्यावी तर गाडी चढाकडे तोंड करून उभी होती. मुकादमानं चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि कड्यांवर त्याची नजर गेली.

"ये तो क्रेन का माल है," तो म्हणाला. आवाजात थोडा आदर होता. मग त्याचं लक्ष नीळकंठरावांकडे गेलं. "बाबूजी, ये आपका है? क्या है ये? दुकान है, गाड़ी है, क्या लिखूँ? काग़ज़ है कुछ?"

नीळकंठरावांचा हात आतल्या खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला.

कागद होता. पण तो वाचून दाखवायचा म्हणजे भर रस्त्यात, ह्या सहा माणसांसमोर, आपल्या तोंडानं म्हणायचं. एकदा फाटकावर लिहिलं होतं ते नाइलाजानं, आणि कुणाला दिसू नये म्हणून लपवलं होतं. त्यांनी गाडीकडे पाहिलं. नाकावर अजून पांढऱ्या खडूची खूण होती. मग त्यांनी कट्ट्यावर बसलेल्या सरोजबाईंकडे पाहिलं. त्या गाडीकडे बघत नव्हत्या. मशीनकडे बघत होत्या, आधीची दोन जाताना बघितली असतील तशाच.

नीळकंठरावांनी पास काढला, उलगडला आणि घसा साफ केला.

"लोहा है," ते म्हणाले. "पुराना. टेढ़ा. एक सौ अठारह किलो. ये देखिए, मुहर है." आणि मुकादमाला अजून पटलं नसेल म्हणून त्यांनी पुढं जोडलं, "मैंने खुद जाँचा है. किसी काम का नहीं है. कबाड़ है."

मुकादमानं शिक्का वाचला, सही वाचली, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. सरकारी माणसाला दुसऱ्या खात्याचं काम सापडलं की होतो तसा.

"कबाड़ हमारा काम नहीं," तो म्हणाला. "वो दूसरा महकमा उठाता है. क्रेन उनके पास है." वहीत त्यानं काहीतरी लिहिलं. "और ये मशीन?"

"लोहे में लगी है," नीळकंठराव म्हणाले.

मुकादमानं मान डोलवली. पाय दुखावलेल्याला पुढं बसवून ट्रक निघून गेला. जाताना दोघांनी सरोजबाईंना पुन्हा उचलून गाडीवर बसवलं. रिकाम्या हातानं जाणं त्यांनाही बरं वाटलं नसावं.

नीळकंठराव कट्ट्यावर बसले. सरोजबाईंनी मशीनच्या चाकावरून हात फिरवला, दोरा तपासला, आणि अर्धी राहिलेली साडी पुढं ओढली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "ते करवत घरी घेऊन जा."

सेवाधाराच्या वार्षिक अहवालात त्या वर्षी पूर्ण पान फोटो आला. खाली ओळ होती: 'अपंग भगिनीच्या जीवनाला संस्थेने गती दिली.' भिंतीच्या तड्याचा उल्लेख नव्हता. भंगार उचलणाऱ्या दुसऱ्या खात्याची क्रेन नादुरुस्त होती, आणि तिच्या दुरुस्तीचा कागद कुठंतरी तपासणीत अडकला होता. कुठल्यातरी रिजेक्ट साहेबाला दीर्घायुष्य लाभो, असं शशिकलाबाई म्हणायच्या.

फेब्रुवारीत ट्रक पुन्हा आला. मोहन कंगवेवाल्यानं आरोळी दिली, पण ह्या वेळी लोक स्टेशनपासून दूर पळाले नाहीत. ते कडुनिंबाकडे पळाले. कंगव्यांचा हारा एका कडीला, किटली दुसऱ्या कडीला, कुलपांची पेटी तिसरीला, साखळी आणि कुलूप लावून. मुकादम लांबूनच बघून गेला. कबाड जरा वाढलंय, एवढंच त्यानं म्हटलं म्हणतात.

मार्चमध्ये शशिकलाबाईंच्या जांभळ्या साडीचा उरलेला अर्धा फॉल लावून झाला. ती घ्यायला नीळकंठराव गेले, तेव्हा सरोजबाईंनी त्यांना थांबवलं.

"साहेब, मोहनले एक पायजे अशी गाडी. त्याले एक कडी पुरत नाई, अन् चौथी मी देत नाई कोनाले, तिले माही पिशवी असते. तं तो म्हनते मले येगळी बनवून द्या."

"शोभाताईंचा फॉर्म भरावा लागेल."

"भरीन तो. पन त्याचं एक म्हननं हाय." सरोजबाईंनी दोरा दातानं तोडला. "ह्याच्याहून जड पायजे."

नीळकंठरावांनी वही काढली. ह्या वेळी लाभार्थीचा शब्द न शब्द लिहून घेतला. मग पेन कानावर ठेवून त्यांनी विचारलं, "कड्या चार, की सहा?"